अक्कलकोट आणि तुळजापूरच्या मध्ये एक शहर आहे, साहेब

मा. जिल्हाधिकारी, मा. महापालिका आयुक्त आणि सोलापूरच्या पर्यटनाचे आराखडे करणारे सर्व अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

चाटी गल्लीत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे आणि मी दुपारभर गल्ल्यावर बसते. त्यामुळे सोलापुरात बाहेरून कोण येतं, कशासाठी येतं आणि किती वेळ थांबतं हे मला कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा जरा जास्तच ठाऊक आहे. येतात ते देवाला. सकाळी अक्कलकोटला स्वामींचं दर्शन, दुपारी तुळजापूर, जमलं तर दुसऱ्या दिवशी पंढरपूर. वाटेत सोलापूर लागतं म्हणून सिद्धेश्वराला हात जोडायचे, दोन चादरी, अर्धा किलो शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं पुडकं घ्यायचं, की गाडी हायवेला. चादर उलगडून बघताना कुणीतरी हमखास विचारतं, "इथं बघण्यासारखं आणखी काय आहे हो?" मी तोंड उघडायच्या आत त्यांचा ड्रायव्हरच उत्तर देतो, "काही नाही, ऊन आहे."

ड्रायव्हरला मी दोष देत नाही. आपली सरकारी पत्रकं वाचली तरी तेच उत्तर मिळतं, फक्त सभ्य भाषेत. देवळांची यादी, भुईकोट किल्ल्याचा एक फोटो, तलावाचा एक फोटो, संपलं. देवळांबद्दल माझी तक्रार नाही, आमचं अर्धं गिऱ्हाईक देवांनीच पाठवलेलं असतं. पण हे शहर गिरण्यांनी वाढवलं, कामगारांनी घडवलं, आणि त्याची ओळख करून देताना नेमका कामगारच गायब होतो. हे पत्र त्यासाठी आहे. पाहुण्यांना गिरण्यांचं आणि मागांचं सोलापूर दाखवा, आणि शहराबाहेरचा माळ, तलाव, नद्यांचा मुलूख त्याच सहलीत जोडा. नवी इमारत बांधू नका, असंही सुरुवातीलाच सांगून ठेवते.

तुम्ही बहुतेक जण बदलीवर आलेले, म्हणून थोडा इतिहास. १८६० साली सोलापूरला रेल्वे आली. मुंबईचा बाजार जवळ झाला, आसपासच्या मुलखात कापूस होता, आणि पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ पडला, तशी पोट हातावर घेऊन निघालेली माणसंही होती. मोरारजी गोकुळदास यांनी १८७४ साली काढलेली गिरणी १८७७च्या सुमारास चालू झाली. पुढे लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या तेव्हा पहिलीला लोक 'जुनी मिल' म्हणायला लागले, आणि ते नाव असं चिकटलं की कंपनीचं खरं नाव आज कुणाला विचारून बघा. निजामाच्या राज्यातून तेलुगू बोलणारे विणकर आले, ते पूर्व भागात राहिले. कानडी मुलूख तर दाराशीच. म्हणून आमच्या दुकानात गिऱ्हाइकाशी मराठीत, हमालाशी कानडीत, मागवाल्याशी तोडक्या तेलुगूत आणि शेजारच्या दुकानदाराशी दखनी उर्दूत बोलावं लागतं. त्यात आम्हाला काही विशेष वाटत नाही. पाहुण्यांना मात्र वाटतं.

गिरण्या एकेक करून बंद पडल्या. लक्ष्मी-विष्णू बंद झाली ती नव्वदच्या दशकात, तो धक्का घराघरात बसला. आज त्या जागांवर कुठे इमारती उभ्या आहेत, कुठे बाभळी. नावं मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी शाबूत: जुनी मिल, एन. जी. मिल, लक्ष्मी-विष्णू चाळ. बाहेरचा माणूस विचारतो, मिल कुठाय? रिक्षावाला हात करतो तिकडे भिंत असते किंवा फ्लॅटची जाहिरात. तिथे एक साधा फलक लावायला किती खर्च येतो? इथे कोणती गिरणी होती, कधी सुरू झाली, काय विणलं जायचं, कधी बंद पडली, मराठीत, कानडीत, तेलुगूत, उर्दूत आणि हिंदीत. फलकाच्या वर कुणाचेही हसरे फोटो नकोत, एवढी एक विनंती.

हे दाखवायचं तर आवडणारं तेवढंच दाखवून चालणार नाही. सेटलमेंट भागात ब्रिटिशांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली होती. हजेरी द्यायची आणि गिरणीत कामाला जायचं. गिरणीला स्वस्त मजूर मिळत होते, सरकारला बंदोबस्त. त्यांना 'गुन्हेगार' ठरवणारा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण त्या भागाचं नाव अजून सेटलमेंटच आहे. पाहुण्यांना ही जागा दाखवायची की नाही, कशी दाखवायची, हे तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरवा. पण शहराच्या गोष्टीतून ती वगळून टाकणं मला पटत नाही.

तसंच मार्शल लॉचं, म्हणजे लष्करी अंमलाचं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे गोळीबार झाला, लोक चवताळले, पोलीस शहर सोडून गेले आणि तीनेक दिवस सोलापूर सोलापूरकरांनीच चालवलं. मग लष्कर आलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. कुर्बान हुसेन तर गिरणी कामगारांतच काम करणारे. चार हुतात्मा चौकात पुतळे आहेत, हार पडतात, सगळं रीतसर होतं. पण पुण्याहून 'हुतात्मा एक्स्प्रेस'ने येणाऱ्या माणसाला गाडीच्या नावातले हुतात्मे कोण, हे चौकात उभं राहूनही नीट कळत नाही. डॉक्टर कोटणीसांच्या घराचंही तेच. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली तिकडेच वारला. भैय्या चौकाजवळच्या त्यांच्या स्मारकाला चीनचे पाहुणे आवर्जून येतात आणि आमचे पाहुणे समोरून सरळ बसस्टँडला जातात.

आता मागांविषयी, कारण माझा जीव तिथे अडकला आहे.

गिरण्या संपल्या म्हणून विणणं संपलं नाही. पूर्व भागात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अजून यंत्रमाग चालतात. चौकशी करणारं गिऱ्हाईक खरंच उत्सुक दिसलं तर मी त्यांना ओळखीच्या कारखान्यात पाठवते, जमलं तर सोबतही जाते. गल्लीत शिरलं की आधी आवाज येतो, आत गेलं की बोलणं बंदच, सगळं खुणेने. हवेत कापसाचे तंतू. मागाच्या डोक्यावर जकार्ड, म्हणजे नक्षी उमटवणारं यंत्र, बसवलेलं असतं आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असते. दर फटक्याला एक पट्टी पुढे येते. जिथे भोक आहे तिथली सुई आत शिरते, तिचा आकडा, म्हणजे हूक, उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर येतो. भोक नाही, तिथला खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा घेऊन पलीकडे जातो. असं करत करत पुठ्ठ्यातला मोर चादरीवर उतरतो. पुण्याची एक कॉम्प्युटर शिकणारी मुलगी त्या माळेखाली एवढा वेळ उभी राहिली की तिची आई तुळजापूरची आरती चुकेल म्हणून कासावीस झाली. "हे तर शून्य आणि एक आहे," असं ती म्हणत होती. मागवाल्याला त्याचं काही नव्हतं. त्याचं लक्ष धाग्यावर. मध्येच त्याने माग थांबवला, हात घातला, गाठ मारली आणि माग पुन्हा चालू. धागा कुठे तुटला होता हे आम्हा दोघींना शेवटपर्यंत दिसलं नाही.

हे मी एवढं सांगितलं ते एका कारणासाठी. मागवाल्याला मजुरी नगावर मिळते. पाहुण्यांना समजावून सांगायला तो पाच मिनिटं थांबला तर ती पाच मिनिटं त्याच्या खिशातून जातात. त्यामुळे उद्या तुम्ही 'यंत्रमाग पर्यटन' असं काही गोंडस नाव देऊन बस भरभरून माणसं पाठवलीत आणि कामगाराला एक रुपया दिला नाहीत, तर तो बिचारा तोंडावर काही बोलणार नाही, पण पाहुणे दारात दिसले की पाठ फिरवेल. तिकीट लावा. त्यातला ठरलेला वाटा कारखानदाराला आणि ठरलेला वाटा त्या पाळीच्या कामगारांना मिळू दे. ज्यांची तयारी आहे अशाच कारखान्यांची नावं घ्या, गटात दहापेक्षा जास्त माणसं नकोत आणि फोटो विचारूनच. दमा असलेल्यांना आधीच सांगा. हे नियम एका पानावर मावतात, त्यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही.

यातून आमच्या धंद्याचं एक जुनं दुखणंही हलकं होईल. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोघांना भौगोलिक मानांकन आहे. तरी बाहेरगावच्या रस्त्यारस्त्यांवर 'सोलापुरी' म्हणून जे विकतात त्यातलं बरंच पानिपतकडून आलेलं असतं. ज्याने एकदा माग बघितला तो पुन्हा फसत नाही. छापील चादर उलटी केली की नक्षी फिकी पडते. जकार्डवर विणलेली उलटी केली की नक्षी तीच, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. हे मी गल्ल्यावरून रोज सांगते, पण दुकानदारीणबाईच्या सांगण्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो थोडाच!

विडी कामगार बायकांविषयी लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. एवढंच सांगते की, कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आणि तीस हजार घरांचं रे नगर हे कामगारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेलं आहे. रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. घरं कशी बांधायची हे शिकायला येणाऱ्यांना ते दाखवण्यासारखं आहे. सहलीच्या बसला नाही. लोकांच्या घरात डोकावायला कुणी येऊ नये.

शहर सोडून बाहेर पडा. तुळजापूरच्या गाड्या रोज हिप्परग्याच्या तलावावरून जातात, त्यांना सांगणारं कुणी नसतं की हा एकरुख तलाव, आदिला नदीवर बांधलेला, १८७१ साली पुरा झालेला. या शहराने त्याचं पाणी प्यायलेलं आहे. हिवाळ्यात सकाळी तिथे पट्टकादंब पक्षी उतरलेले दिसतात. तलावाच्या काठाला फरशी, रेलिंग आणि रंगीत दिवे लावायचा मोह कुणाला झाला असेल तर कृपा करून आवरा. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी भरत आलेल्या गावात पाणी नुसतं बघायलासुद्धा माणूस जातो, त्याला कारंजं लागत नाही.

बार्शी रोडला नान्नज. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. माळढोक आता दिसणं जवळजवळ नशिबाचंच, तेव्हा पत्रकावर त्याचा फोटो छापून माणसं नेऊ नका, परतताना शिव्या देतील. काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा, आणि चंडोल तर गळा काढून ओरडत असतात. पण खरी बघायची गोष्ट म्हणजे माळ. आपल्याकडे झाड नाही ती जमीन पडीक, असं शाळेपासून डोक्यात बसवलेलं असतं. मग दर पावसाळ्यात कुणीतरी उत्साहाने माळावर खड्डे खणून रोपं लावतं, आणि ज्यांना उघडं गवतच लागतं त्या पक्ष्यांची आणखी थोडी जागा जाते. गवताळ माळ हे या मुलखाचं जंगलच आहे, हे सांगणारे स्थानिक पक्षीमित्र सोलापुरात आहेत. त्यांना मानधन देऊन वाटाडे करा. त्याच मुलखात ज्वारी होते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी अर्ध्या महाराष्ट्राच्या ताटात आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन आहे. शहरातला माणूस भाकरीचे फोटो काढतो आणि कणसं पाहिली की विचारतो, हे काय?

आणि हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीनेच्या संगमावर. नदीपलीकडे कर्नाटक. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे, आद्य मराठी शिलालेखांपैकी एक. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख आधीचा की कुडलचा, हा वाद अभ्यासकांनी निवांत घालावा. मला त्यातलं शेवटचं वाक्य आवडतं. जो वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी वाचणाऱ्याला दिलेला हा आशीर्वाद आणि आपण तिथे न्यायला धड बस सोडत नाही! जवळच हरिहरेश्वराच्या देवळात एकाच पिंडीवर साडेतीनशेहून अधिक मुखं कोरलेली आहेत. वाकून बघितलं की प्रत्येक मुखाचा भाव निराळा आहे का, हे तपासत माणूस पिंडीभोवती फिरत राहतो. पुजारी शांतपणे बाजूला उभा असतो, त्याला याची सवय आहे. मराठी भाषेला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सोलापुरात पेढे वाटले गेले, भाषणंही झाली. ती भाषणं करणाऱ्या किती जणांनी कुडलला पाऊल ठेवलं आहे ते विचारावंसं वाटतं, पण चादरी त्यांनाही विकायच्या असतात.

स्वतःची गाडी नसेल तर या तिन्ही ठिकाणी जाणं-येणं जिवावर येतं. शनिवार-रविवारी एसटीची एक गाडी हिप्परगा-नान्नज आणि एक कुडल, एवढं हिवाळ्याचे तीन-चार महिने करून बघा. रिकामी धावली तर बंद करा, आम्ही आंदोलन करणार नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह मात्र आधी, बस नंतर.

वेळ कोणती, हे विचाराल तर जानेवारी. मे महिन्यात बोलावू नका, ड्रायव्हरचं ऊन खरं आहे. जानेवारीत १२ तारखेला हुतात्म्यांचा दिवस, लगेच सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात नंदीध्वज घेऊन सिद्धरामेश्वरांनी शहरात स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात, 'बोला बोला एकदा भक्तलिंग, हर्र बोला हर्र' या गजराने पेठा दुमदुमतात. संमती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर होम आणि शेवटी दारूकाम. त्याच दिवसांत शेतात हुरडा. सकाळी माळ, दुपारी माग, संध्याकाळी गड्डा, असा दिवस दुसऱ्या कोणत्या शहराला जमतो ते मला दाखवा. श्रावणात यायचं असेल तर नारळी पौर्णिमेला पूर्व भागातला मार्कंडेयाचा रथोत्सव आहे, तो तेलुगू सोलापूरचा दिवस.

माणसं यावीत म्हणून सरकारने कमी खर्च केलेला नाही. २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आपण होतो. २०२३ पासून मुंबईची वंदे भारत आहे. विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, त्या दिवशी निम्मं शहर मोबाईल उंचावून उभं होतं. निम्म्यांचे डोळे कोरडे नव्हते आणि निम्मे टाळ्या वाजवत होते. २०२५च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. ठीक आहे. चिमणी पाडून जे विमान उतरवलं त्यातला पाहुणा बाहेर आला की त्याला काय दाखवायचं, याची फाईल कुठल्या टेबलावर आहे? त्यालाही अक्कलकोटची टॅक्सीच दाखवणार असाल, तर हा एवढा खटाटोप कशासाठी होता?

एक भीती आहे ती लिहूनच टाकते. हे पत्र कुणी मनावर घेतलंच, तर पहिला प्रस्ताव 'वस्त्रोद्योग संग्रहालया'चा येईल. काचेच्या पेटीत बंद माग, शेजारी धोतर नेसवलेला प्लॅस्टरचा कामगार, उद्घाटनाची कोनशिला आणि दोन वर्षांनी दाराला कुलूप. चालू माग शहरात असताना बंद मागाला एसी लावू नका. त्या पैशात कारखान्यांची गळकी छपरं दुरुस्त करून दिलीत तरी पाहुण्यांना बरंच दिसेल.

दिवाळीनंतर एक बैठक बोलवा. पूर्व भागातले यंत्रमागधारक, दोन-चार मागवाले, विडी कामगार संघटनेच्या बायका, सेटलमेंटमधले जाणते, कुडलचे गावकरी, पक्षीमित्र, एसटीचे आगारप्रमुख आणि रिक्षा संघटनेची माणसं. मागवाल्यांना बोलवाल तेव्हा त्या पाळीची मजुरी भरून द्या, नाहीतर त्यांच्या नावाने कारखानदारच बोलतील. सोमवार सोडून कुठलाही वार चालेल, सोमवारी आमच्याकडे माल उतरतो.

आपली,
चाटी गल्लीतली एक दुकानदार